बदक-शेवयांचा कडता

पौष वद्य पंचमी. सकाळ, कौलांवरून दव ठिबकत होतं. जागा: निपाणी, आमच्या तंबाखूच्या वखारीचं अंगण. हजर: वखारीचे मालक, त्यांनी पोसलेला पैलवान शिदू, बेळगावच्या कॅम्पातून मुद्दाम आणवलेला स्वयंपाकी पेद्रू, पाला निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण गौराक्का, सायकलवरून रेशीम विकत हिंडणारा एक चिनी गृहस्थ, आणि मी, वखारीचा दिवाणजी. शिवाय टोपलीखाली सहा बदकं. गैरहजर: भीमाप्पा तोलार, लेकीच्या सासरी वडगावला गेलेला.

गैरहजर माणसाचं नाव मी मुद्दाम लिहितो. बैठकीत काय ठरतं ते हजर लोकांवर अवलंबून असतं. पुढे काय निस्तरावं लागतं ते बहुतेक वेळा गैरहजर लोकांवर.

दिवाळी अंकासाठी वखारीतले अनुभव लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी विषयांची यादी केली. वखारीला लागलेली आग. उंदीर. माल उचलून परागंदा झालेला व्यापारी. तपकिरीच्या खोलीत चुकून शिरलेली लग्नाची वरात. यादी पुरी झाल्यावर ध्यानात आलं की हे सगळं थोड्याफार फरकानं प्रत्येक वखारीत घडतं. बदक-शेवया मात्र फक्त आमच्याकडे झाल्या. बाकीचे विषय खोडले.

ज्यांनी तंबाखूची वखार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संक्रांत झाली की आसपासच्या गावांतले शेतकरी गाड्या भरून माल आणतात. अंगणाच्या मधोमध तुळईला मोठा काटा टांगलेला असतो. एका बाजूच्या फळीवर पोतं, दुसऱ्या फळीवर लोखंडी वजनं. तोलार तोलतो आणि आकडा ओरडतो. दिवाणजी ओसरीवर बसून तो आकडा लिहितो. तोलारानं ओरडायचं, दिवाणजीनं लिहायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या कामात डोकं घालायचं नाही, अशी रीत आहे. मी ती कसोशीनं पाळत आलो होतो.

वखारीबरोबर मालकांनी एक तालीमही चालवली होती. आमच्या भागात पैसेवाल्या माणसाच्या दारात पैलवान नसेल, तर लोक त्याला नुसता श्रीमंत म्हणतात, मोठा म्हणत नाहीत. मालकांचा पैलवान म्हणजे शिदू. चिकोडीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आधी आमच्याकडेच हमाल होता. पोतं उचलताना एकदा मालकांनी त्याची पाठ पाहिली आणि त्याला हमालीतून काढून मातीत उतरवलं. दूध, बदाम, तूप, मटण असा त्याचा खुराक होता, आणि त्या खुराकाची यादी माझ्याकडे होती. पण शिदूचं अंग एका जागी अडलं होतं. संकेश्वरच्या जत्रेतल्या मैदानात त्याला मोठी जोड मिळेना. जोड म्हणजे तोडीचा प्रतिस्पर्धी. आडदांड पैलवान त्याच्याकडे बघून म्हणत, "ह्याला आमच्यासंगं लावून आमचं नाव घालवताय व्हय?"

अशा वेळी तो रेशीमवाला आला. वर्षातून दोन-तीनदा यायचा. सायकलला मागे गाठोडं, डोळ्यांना गोल चष्मा, बोलणं कामापुरतं. मालकांनी त्याला गादीवर बसवून विचारलं, "तुमच्या मुलुखात पैलवान काय खातात?"

तो म्हणाला, "पैलवान का मालूम नहीं, सेठ. मेरे घर में ठंडी के दिनों में माँ बतख पकाती थी, सेवई डालके. एक कटोरा खाया तो दिनभर पहाड़ चढ़ने की ताकत आती थी."

मालक माझ्याकडे वळले. "ऐकलंत, दिवाणजी? ताकद!"

"अण्णा, ते आईची आठवण सांगतायत."

"आठवण माणसाला कशाची येते? पौष्टिक वस्तूचीच की!"

मी खुराकाच्या यादीत एक ओळ मोकळी सोडली.

मालक नवस-सायासाचे नव्हते, व्यवहाराचे होते. बदक-शेवयांत पौष्टिकपणा आहे हे त्यांनी मानलं, पण तो किती आहे हे त्यांना आकड्यात हवं होतं. रेशीमवाल्याला चार दिवस मुक्कामाला ठेवून घेऊन बेळगावच्या एका डॉक्टरांना त्यांनी विचारलं. डॉक्टर घाईत होते. "खाणाऱ्याचं वजन करत जा म्हणजे कळेल," एवढं बोलून ते टांग्यात बसले. वजन करायला आमच्याइतका मोठा काटा पंचक्रोशीत कुणाकडे होता?

तर त्या पंचमीच्या सकाळी शिदूला काट्याच्या फळीवर उभा केला. भीमाप्पा नव्हता, म्हणून मालकांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्या बाजूला वजनं ठेवली. भरलं कच्चे सहा मण; आमचा कच्चा मण पक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, चाळीस लहान शेरांचा. मी लिहून घेतलं. मग मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं: जत्रेपर्यंत अर्धा मण चढला तर शिदू मैदानात वखारीच्या नावानं उतरेल. नाही चढला तर तालमीतली त्याची जागा सदलग्याच्या एका नव्या गड्याला, आणि शिदू परत हमालीला.

शिदू काट्यावरून उतरला आणि ओसरीशी आला. हळूच म्हणाला, "हमालाची पाठ आणि पैलवानाची पाठ एक न्हवं, दिवाणजी. पोत्याखाली पाच-सा म्हैनं वाकली की ती परत उघडत न्हाय. मला म्हाईत हाय. माझ्या थोरल्या भावाची न्हाय उघडली."

मी म्हटलं, "तू खा. बाकीचं काटा बघेल."

आता स्वयंपाकाकडे येतो. तीन माणसांकडे तीन निरनिराळी ज्ञानं होती आणि ती एका भांड्यात यायची होती. पेद्रूला बदक येत होतं, पण साहेबलोकांच्या पद्धतीचं, अख्खं भाजलेलं. गौराक्काला शेवया येत होत्या, पण तिच्या लेखी शेवया म्हणजे गूळ, दूध आणि लग्नघर. रेशीमवाल्याला दोन्ही एकत्र ठाऊक होतं, पण फक्त खाणाऱ्याच्या बाजूनं. आणि तो तर त्याच दुपारी सायकल घेऊन कोल्हापूरकडे निघून गेला.

चौथा मी. मी जैन. धर्म अहिंसेचा आणि खुराकाची यादी माझ्याकडे, अशी माझी पंचाईत. मटणाचा हिशेब आजवर खाटीक परस्पर मालकांकडे देई; बदकं मात्र माझ्याच यादीत आली. चूल मागच्या छपरात होती. मी माझं लिहायचं टेबल वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवलं आणि शेवयांपुरताच हिशेब ठेवायचं ठरवलं. दुसऱ्या वस्तूचं नाव लिहायला हात धजेना, म्हणून यादीत "पाण्यावरचा जिन्नस" असं लिहू लागलो. मालकांनी ते वाचून एकदा विचारलं, "दिवाणजी, शिंगाडे कुणासाठी मागवले?"

घरी आमच्या मंडळींनी विचारलं, "हल्ली वखारीत कसला हिशेब लिहिता?"

"शेवयांचा."

"तंबाखूच्या वखारीत शेवया?"

"पैलवानासाठी."

"आणि कोटाला वास कसला येतोय?"

त्या दिवसापासून कोट बाहेर खुंटीला.

गौराक्कानं बायकांना बसवून पाटावर शेवया वळून घेतल्या आणि अंगणात बाजांवर वाळत घातल्या. अंगणात दुसरं काय वाळत होतं ते सांगायला नको. पहिला घाणा खाऊन शिदू सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिंकला. दुसरा घाणा देवळाच्या गच्चीवर वाळवला. बदक पेद्रूनं शिजवलं आणि भांडं गौराक्कापुढे ठेवलं.

"आता तुझं काय असेल ते घाल," पेद्रू म्हणाला.

"माझं म्हंजी?"

"शेवयांत जातं ते."

गौराक्कानं शेवयांत जातं ते घातलं. दूध, गूळ, वेलदोडा, वर चिमूटभर खसखस.

मालक स्वतः वाडगा घेऊन आले. शिदूनं एक घास घेतला, डोळे मिटले, गिळला.

"कसं लागतंय रं?"

"अण्णा, लग्नाच्या पंगतीला बदक येऊन बसल्यागत वाटतंय."

"ताकद वाटत्या का?"

"गिळायला लई लागत्या."

गौराक्का पदरात तोंड घालून हसत होती. पेद्रू तिला म्हणाला, "आक्का, हसू नको. उद्या तुझ्या लेकीच्या लग्नात हेच वाढतील." "माझ्या लेकीच्या लग्नात तू आलास तर तुलाच शिजवीन," ती म्हणाली. शिदूनं मात्र वाडगा चाटून पुसून खाल्ला. त्याच्यासमोर दुसरा रस्ता नव्हता.

आठ-दहा दिवसांनी रेशीमवाला परतीच्या वाटेवर थांबला. त्यानं भांड्यात वाकून पाहिलं, टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "घर में कोई बीमार है?" मग बाह्या सरसावून त्यानं पेद्रूला आठवेल तसं सांगितलं. आलं, कांदा, मीठ; पातळ रस्सा; त्यात शेवया उकडायच्या; गूळ नाही, दूध नाही. तयार झाल्यावर तो एका कडेला पोत्यावर बसून दोन वाडगे खाऊन गेला. चष्म्यावर वाफ धरली होती, ती त्यानं बराच वेळ पुसली. मालकांनी विचारलं, "बरोबर जमलंय?" तो म्हणाला, "बन गया. लेकिन मेरी माँ इतने लोगों को देखने के लिए खड़ा नहीं करती थी." रेशमाचा एक तुकडा त्यानं गौराक्काच्या लेकीसाठी म्हणून ठेवला आणि निघून गेला. पुढे लढाई सुरू झाल्यावर तो या रस्त्याला पुन्हा दिसला नाही. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. यादीत तो "रेशीमवाला" एवढाच आहे. आता ते खटकतं.

त्या दिवसापासून खुराक रीतीनं सुरू झाला. शिदू आवडीनं खाऊ लागला. भीमाप्पाही वडगावहून परत आला, आणि दर सोमवारी सकाळी शिदूचं वजन करायचं काम रीतीनं त्याच्याकडे गेलं. पहिल्या सोमवारी मी ओसरीवर लेखणी घेऊन तयार बसलो. भीमाप्पाचा खडा आवाज आला:

"साडेपाच मण!"

मला वाटलं, ऐकण्यात चुकलो. पुन्हा विचारलं. पुन्हा साडेपाच.

मालक म्हणाले, "नवा खुराक हाय. आधी जुनं उतरतं, मग नवं चढतं. बदकं वाढवा."

बदकं वाढवली. पुढच्या सोमवारी साडेपाचच्याही खाली. मालकांनी आणखी वाढवली. पेद्रू तक्रार करू लागला की कॅम्पातल्या सगळ्या बटलरांची बदकं संपली, आता मडमांच्या बागेतली शोभेची उरलीत. त्याच्या पुढच्या सोमवारी सव्वापाच.

आणि या सगळ्या काळात शिदूकडे डोळ्यांनी बघावं तर निराळंच. त्याचं खमीस काखेत उसवलं. मान खांद्यांत गेली. वखारीच्या दिंडीदरवाजातून तो आडवा होऊन आत येऊ लागला. न्हावी म्हणाला, पूर्वी एका वाटी तेलात मालीश व्हायचं, आता तेवढ्यात एकच बाजू होते. मी हे मालकांच्या कानावर घातलं.

मालक म्हणाले, "सूज असंल."

"अण्णा, माणूस फुगलाय नुसता."

"दिवाणजी, डोळे फसतात." त्यांनी गादीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या वडिलांनी ठळक अक्षरांत रंगवून घेतलेलं वाक्य होतं: काटा खोटं बोलत नाही. "जत्रा तोंडावर आलीया. शिदूला सांगून टाका. सदलग्याच्या गड्याला निरोप धाडा."

मी शिदूला सांगायला तालमीत गेलो. तो हौद्यात माती उकरत होता. ऐकून घेतलं, खोरं बाजूला ठेवलं.

"दिवाणजी, मी चोरून दुसऱ्याला घालतोय असं वाटतंय का अण्णास्नी?"

"नाही रे."

"मग मी खातोय त्ये जातंय कुठं? ह्यो बघा." त्यानं दंड पुढे केला. माझ्या दोन्ही हातांच्या पंजांत तो मावला नाही. "ह्यो दंड सव्वापाचाचा हाय व्हय? तुम्हीच सांगा. तुम्ही लिव्हताय न्हवं?"

लिहीत होतो, हे खरंच. म्हणून पुढच्या सोमवारी, वखारीच्या रीतीविरुद्ध, मी ओसरी सोडून काट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

माघातलं दाट दव पडलं होतं. अंगणात शेतकऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. भीमाप्पा पैलवानासाठी रांग मोडत नसे. नंबराप्रमाणे आधी बाळगोंडा पाटलांची पोती, मग शिदू, मग पुढची गाडी. बाळगोंडा म्हणजे सदलग्याकडचे जुने शेतकरी, जिभेचे तिखट. त्यांचं शेवटचं पोतं उतरलं आणि शिदू आखाड्यातून निथळत आला तो फळीवर चढला.

भीमाप्पानं वजनं ठेवली. काटा थरथरत सरळ झाला. मग भीमाप्पा शिदूजवळ गेला. पोत्यात घालतात तसा त्यानं हात शिदूच्या काखेत कोपरापर्यंत सारला. पाठ चोळली. बोटं नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा पाठ चोळली.

"ओल हाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग शिदूचं धोतर चिमटीत धरून पाहिलं. "बारदान भिजलंय." आणि ओसरीकडे तोंड करून ओरडला, "पाच मण सात शेर!"

मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

"भीमाप्पा, हे काय केलंस?"

"तोललं."

"कडता कापलास?"

"कापला की. न कापता कसं चालंल?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी थांबतो. शेतकऱ्याच्या मालात ओल असते, माती असते, देठ असतात, म्हणून तोलताना मणामागे काही शेर आधीच कमी धरायचे. त्याला कडता म्हणतात. पोत्याचं वजन वेगळं वजा करायचं, ते बारदान. ओल किती हे तोलाराचा हात आणि नाक ठरवतं. तोलार जो आकडा ओरडतो तो हे सगळं कापून झालेलाच असतो. दिवाणजीला खरं वजन कधी ऐकूच येत नाही. त्यानं ते विचारायचंही नसतं.

"अरे, पण माणसाचा कडता?"

भीमाप्पा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "काट्यावर चढला की त्यो माल, दिवाणजी. माणूस खाली उतरल्यावर."

"दर सोमवारी कापलास?"

"बसवण्णाची आण, दर सोमवारी. एकदाबी चुकलो न्हाय. दव वाढलं तसा कडताबी वाढवला."

म्हणजे शिदू जितका खात होता तितका घामेजत होता, जितका घामेजत होता तितका कापला जात होता. पहिल्या दिवशी मालकांनी स्वतः तोललं तेव्हा तेवढा कडता राहून गेला होता. मी तिथल्या तिथे हिशेब केला. भीमाप्पा सांगेल त्या अंदाजानं कापलेलं परत धरलं तर शिदू अर्ध्या मणाच्या जवळपास चढला होता. मी जवळजवळ पळतच मालकांकडे गेलो आणि त्यांना अंगणात घेऊन आलो.

मालकांचा चेहरा उजळला. "म्हंजी बदकात हाय तर! दिवाणजी, कडता काढून टाका त्याचा. खरं वजन लिव्हा."

हे त्यांनी भर अंगणात, मोठ्या आवाजात सांगितलं. बाळगोंडा खांद्यावरचं धोतर सावरत पुढे आले.

"मालक, पैलवानाचा कडता माफ केला व्हय?"

"केला. माणूस हाय त्यो."

"बरोबर हाय. माणूस हाय. हौद्यातनं घाम गाळत आलाय, डोळ्यादेखत निथळतोय, तरीबी माफ. आमची तंबाखू तीन दिस उन्हात पडलीया, कुरकुर वाजत्या, तरी तिला ओल! मग आमचाबी माफ करा."

"बाळगोंडा, त्ये निराळं."

"कसं निराळं? काटा त्योच, तोलार त्योच, हातबी त्योच. आत्ता माझ्या पोत्यात घातला, मग ह्याच्या काखंत घातला. धुतलाबी न्हाय."

भीमाप्पा दुखावला. "माझ्या हाताला ओल कळत्या, पाटील."

"कळत्या ना? मग थांब." बाळगोंडांनी धोतराच्या टोकानं शिदूची पाठ खसाखसा पुसली. "आता बघ. ठणठणीत कोरडा. आता किती?"

भीमाप्पानं हात फिरवला, हुंगलं, विचार केला. "तरीबी मणाला दोन."

"दोन कशाचे?"

"आतली ओल."

अंगणात हशा उसळला. कुणी म्हणालं, "अरं, रडला न्हाय त्यो अजून!" कुणी म्हणालं, "बियाणं चांगलं हाय, दर वाढवा!" एक म्हातारा गाडीवरनं ओरडला की पैलवानाची प्रत पहिली आहे, तो भेसळ करून विकू नका. शिदू बिचारा फळीवर दोन साखळ्या धरून झुलत होता.

"अण्णा, मी उतरू का?"

"थांब रं," बाळगोंडा म्हणाले, "तुझा सौदा चाललाय."

मालकांची अडचण आता सगळ्यांना दिसत होती, आणि त्यांनाही. शिदूचा कडता माफ करावा, तर अंगणातल्या प्रत्येक पोत्याचा माफ करावा लागतो. न करावा, तर पैलवान वाळला, बदक फुकट गेलं. मालकांनी भिंतीवरच्या वाक्याच्या दिशेनं पाहिलं. अंगणातून ते दिसत नव्हतं. मग ते खाकरले.

"कडता वाडवडिलांपासून हाय. त्याला हात लावायचा न्हाय."

"मग पैलवान वाळला म्हणायचा?"

"वाळला."

"आणि बदक?"

"बदकात काय न्हाय."

शिदू फळीवरून उतरला. तो उतरताच दुसऱ्या बाजूची फळी सगळ्या वजनांसकट धाडकन जमिनीवर आदळली आणि बैल बिथरले. ती किती जोरात आदळली ते सगळ्यांनी ऐकलं. लिहायचं मात्र पाच मण सात शेरच होतं.

मी हार मानली नाही. एका काट्यानं अडवलं तर दुसरा काटा, असा सरळ विचार करून मी जत्रेच्या दिवशी सकाळीच शिदूला घेऊन संकेश्वरला गेलो. तिथे मिरचीचा मोठा बाजार. मिरचीच्या तोलारानं शिदूला आनंदानं तोललं, वर-खाली पाहिलं आणि आकड्यातून थोडं कापलं.

"हे कशाचं?"

"देठाचं."

"याला देठ कुठे आहे?"

"शेंडी हाय की."

तिथून गुळाच्या अडत्याकडे. त्याच्याकडे काटा नवा, माणूस सज्जन. तो म्हणाला, "उन्हात पाझरणारा माल. ह्याला कडता धरल्याबिगर मला लोक हसतील." सगळा बाजार फिरलो. प्रत्येक काट्याला स्वतःचा कडता होता, प्रत्येक तोलाराकडे त्याचं कारण होतं, आणि खरं वजन सांगणारा एकही नव्हता. पोटात काही नाही, म्हणून आम्ही दोघं एका झाडाखाली भाकरी खायला बसलो. शिदू म्हणाला, "दिवाणजी, मैदानात पंचांकडं काटा असतोय का?"

"नाही."

"मग चला."

मैदानातले पंच डोळ्यांनी जोड लावतात. दोघांना शेजारी उभं करायचं, हात वर करायला लावायचे, खांदे बघायचे, झालं. शिदू कुणाचा फेटा न बांधता, कुणाच्या नावाशिवाय, उघड्या डोक्यानं मधोमध जाऊन उभा राहिला. पंचांनी त्याच्याभोवती एक फेरी घातली. "आरं, ह्याला मोठी जोड द्या!" बेळगावकडचा एक डोंगरासारखा गडी उठला. पुढच्या रांगेत मालक बसले होते. शेजारी सदलग्याचा नवा गडी, वखारीचा फेटा बांधून.

कुस्तीचं वर्णन करण्यासारखं फारसं काही नाही. जाणकारांना डाव हवे असतात. इथे एकही झाला नाही. दोघांनी सलामी दिली, माना धरल्या, ढकलाढकली झाली. बेळगावकराचा पाय मागे सरकला. तो पडला आणि शिदू त्याच्यावर पडला. मग बेळगावकराला उठता आलं नाही, एवढंच. पाठ मातीला लागून बराच वेळ झाला तरी तो खालून म्हणत होता, "ह्याला उचला, मी हरलो, आधी ह्याला उचला!"

मालक खुर्चीवर उभे राहिले. "माझा पैलवान!" सदलग्याच्या गड्याच्या डोक्यावरचा फेटा त्यांनी काढला आणि मैदानात धावत जाऊन शिदूच्या डोक्याला गुंडाळला. शिदू हसला नाही. त्यानं फेटा नीट बसवून घेतला आणि लोकांमधून वाट काढत माझ्याकडे आला. "पाठ वाचली, दिवाणजी," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पेढे वाटले. आता मालकांना काहीतरी बोलणं भाग होतं, कारण त्यांच्याच काट्याप्रमाणे त्यांचा विजयी पैलवान वाळलेला होता. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. ते ओसरीच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "लोकहो, बदक-शेवयांचा गुण आता समजला. पैलवानाचं वजन उतरलं, म्हणूनच तो चपळ झाला. वजन कमी करून ताकद वाढवणारं असं अन्न दुसरं न्हाय."

कडताही वाचला आणि बदकही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

बाळगोंडा पेढा खात होते. ते म्हणाले, "मग आमची तंबाखू तुमच्या काट्यावर इतकी वर्सं चपळच हुतीया म्हणायची."

मालकही हसले, न हसून करतात काय. पण बाळगोंडा हसत नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत मागणी केली: शिदूला आणि एका पोत्याला, दोघांनाही एकदा, कुणी हात न लावता, न हुंगता, काही न कापता तोला. आकडा दिवाणजींनी लिहावा, तोलारानं ओरडू नये. मालक म्हणाले, "बघू." एक समिती नेमली: बाळगोंडा, भीमाप्पा, मी. समितीची पहिली बैठक झाली. भीमाप्पानं विचारलं, हात न लावता तोललं तर मी काट्यापाशी उभा कशाला राहू? बैठक उठली.

शिदू आमच्याकडे आणखी बरेच हंगाम लढला. आता मैदान सोडलंय, तालमीत पोरांना शिकवतो, पाठ अजून ताठ आहे. बदक-शेवयांनी माणसाच्या अंगात काय भर पडते असं विचारायला अधूनमधून कुणी पैलवान किंवा कुणाची बाळंतीण सून वखारीत येते. मी मालकांना विचारतो, "अण्णा, काय सांगू? कडता धरून सांगू की सोडून?" ते चष्मा काढतात, पुसतात आणि आतल्या खोलीत जातात.

कामाला फार तर अर्धी सकाळ लागेल. काटा तुळईला टांगलेला आहे, वजनं कोपऱ्यात आहेत. शिदूला फळीवर उभा करायचा, भीमाप्पाला चहाला पाठवायचा, आणि एकेक वजन ठेवत जायचं. ते करायचं राहिलं आहे.